नवार

सुती, तागाच्या अथवा कृत्रिम धाग्यांची घट्ट विणलेली आणि दोन्ही कडांना अखंड किनार असलेली अरुंद, सपाट व बळकट पट्टी. पलंग विणणे, तंबूच्या शिवणी व कडा मजबूत करणे, घोड्याचे व उंटाचे सामान तयार करणे या कामी तिचा पूर्वापार उपयोग होत आला आहे. यांत्रिक मागावर कृत्रिम तंतूंची नवार विणली जाऊ लागल्यापासून मोटारगाडीतील सुरक्षा पट्टा, हवाई छत्रीचा साज, गिर्यारोहकाचा कमरपट्टा, यारीने माल उचलण्याचे पट्टे इ. साधनांतही ती वापरली जाते. या साधनांत माणसाचा जीव प्रत्यक्ष नवारीवर अवलंबून असल्याने तिची रचना, तिचे सामर्थ्य व तिची झीज यांचा अभ्यास वस्त्रविद्येतील महत्त्वाचा विषय झाला आहे.

मोठ्या पन्ह्याचे कापड उभे फाडल्यास त्याच्याही पट्ट्या मिळतात. परंतु त्यांना नवार म्हणत नाहीत. फाडलेल्या कडेपाशी आडवा धागा तुटलेला असतो आणि ओढ बसताच ती कड उसवू लागते. नवारीत आडवा धागा कडेवरून वळून पुन्हा आत येतो, त्यामुळे कड हाच तिचा सर्वांत बांधीव भाग ठरतो. गोफ व नाडी यांच्याशीही नवारीची गल्लत करू नये. गोफात सर्व धागे तिरपे जाऊन एकमेकांना ओलांडतात, नवारीत मात्र उभे व आडवे धागे काटकोनात असतात. याच कारणाने गोफ ओढल्यावर अरुंद होतो, तर नवारीची रुंदी जवळजवळ कायम राहते. कंदिलाची चपटी वात ही रचनेच्या दृष्टीने नवारीचीच धाकटी बहीण म्हणता येईल, जरी तिच्याकडून अपेक्षा बळाची नसून तेल शोषण्याची असते.

‘नवार’ हा शब्द फार्सी असून त्या भाषेत त्याचा अर्थ पट्टी किंवा फीत असा आहे. इराणात ध्वनिमुद्रणाच्या फितीलाही हाच शब्द लावतात. हिंदीत निवार, नेवार अशी त्याची रूपे आढळतात. मराठीत सामान्य बोलण्यात नवार म्हणजे पलंगाची नवार. इतर उपयोगांतील पट्टीस ‘पट्टा’, तर व्यापारात ‘बेल्ट’, ‘टेप’ अथवा ‘वेबिंग’ असे म्हणतात. वस्तू एकच असल्याने येथे सर्वांसाठी नवार ही संज्ञा वापरली आहे.

रचना : नेहमीच्या कापडात ताणा (उभे धागे) व बाणा (आडवे धागे) यांचे वजन बहुधा जवळपास सारखे असते, कारण कापडावर दोन्ही दिशांनी ओढ बसते. नवारीवर ओढ बसते ती फक्त लांबीच्या दिशेने. त्यामुळे तिच्यातील बहुतेक सूत ताण्यात घातलेले असते. ताण्याचे धागे इतके दाट असतात की, बाणा वरून दिसतच नाही. तो फक्त कडेशी वळताना डोकावतो. बाण्याचे काम ताण्याचे धागे शेजारी-शेजारी बांधून ठेवणे एवढेच.

साध्या विणीत ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या एका धाग्यावरून व पुढच्याखालून असा नागमोडी जातो. नवारीवर भार आला की, प्रथम ही नागमोड सरळ होते आणि त्यानंतरच खुद्द तंतूवर ताण बसतो. म्हणून साध्या विणीची नवार सुरुवातीस बरीच लांबते. तिरप्या (ट्विल) विणीत धागा बाण्याच्या दोन किंवा अधिक धाग्यांवरून एकदम उडी घेतो. नागमोड कमी झाल्याने ताणही कमी येतो व पृष्ठभाग गुळगुळीत होतो. परंतु एकाच दिशेच्या तिरप्या रेघांमुळे पट्टी पिळवटू लागते. हा दोष घालविण्यासाठी रेघांची दिशा ठराविक अंतरावर उलटी करतात. अशा विणीवर माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. खुर्च्यांच्या बैठकीखालील तागाची नवार व मोटारीतील सुरक्षा पट्टा या दोहोंवर ती सहज ओळखता येते.

जाड नवारीत दोन थर एकाच वेळी विणून बांधणीच्या वेगळ्या धाग्यांनी एकमेकांस जखडतात. दोन थरांच्या मध्ये काही वेळा ताण्याचे सरळ, न वळणारे धागे भरतात. खरा भार हे भरणीचे धागे घेतात आणि वरचे थर घर्षण सोसतात. अशा नवारीचा पृष्ठभाग काहीसा केसाळ झाला, तरी तिचे बळ लगेच घटत नाही. एका थराच्या नवारीत मात्र तेवढ्याच झिजेने बळ निश्चित घटते. दोन थर मध्ये न बांधता केवळ दोन्ही कडांना जोडले, तर पोकळ नवार तयार होते. ती मऊ असते व तिची गाठ चांगली बसते, म्हणून गिर्यारोहणात ती वापरली जाते.

नवारीच्या बळाचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. समजा, एका पट्टीच्या ताण्यात पॉलिएस्टरचे ३०० धागे आहेत व प्रत्येक धागा सु. ७७ न्यूटन भार घेऊन तुटतो. सर्व धागे एकाच क्षणी तुटले, तर पट्टी सु. २३ किलोन्यूटन (सु. २,३५० कि.ग्रॅ. वजनाइतका) भार पेलेल. प्रत्यक्षात ती यापेक्षा कमी भाराला तुटते. धागे विणीत वाकलेले असतात, त्यांच्यावरील ताण सारखा नसतो आणि जो धागा अधिक ताठ तोच आधी तुटून आपला भार शेजाऱ्यांवर टाकतो. ताणा मागावर चढविताना सर्व धाग्यांना सारखा ताण देणे हे नवार विणणाऱ्याचे पहिले कौशल्य मानतात, ते यामुळेच.

इतिहास : अरुंद पट्टी विणण्यास मोठा माग लागत नाही. ताण्याचे एक टोक खांबाला व दुसरे स्वतःच्या कमरेला बांधून विणकर स्वतःच्या शरीराने ताण देऊ शकतो. ही रीत जगाच्या अनेक भागांत आढळते. यूरोपात चार भोके असलेल्या लहान चौकोनी पाट्यांतून ताणा ओवून व त्या पाट्या फिरवून पट्ट्या विणत. जर्मनीतील हॉखडॉर्फ येथील इ. स. पू. सहाव्या शतकातील केल्टिक दफनात अशा विणीचे नमुने मिळाले आहेत. नॉर्वेमधील ओसेबर्ग येथे इ. स. ८३४ मध्ये पुरलेल्या नौकेत तर अर्धवट विणलेली पट्टी ५२ पाट्यांसह सापडली. पाट्या फिरविल्याने ताण्याचे धागे दोरासारखे पिळले जातात व पट्टी फार मजबूत होते.

भारतात हत्तीच्या कमरपट्ट्यास संस्कृतात कक्ष्या असा शब्द आहे. घोड्याचे खोगीर पोटाखालून आवळणारा तंग, राहुट्या व शामियाने यांच्या शिवणींवर जोडलेल्या पट्ट्या, पालखीचे व गाडीचे पट्टे यांत नवारीचा उपयोग होत असे. तंबूचे कापड वाऱ्याने फाटते ते बहुधा दोर बांधलेल्या जागी. तेथे ओढ नवारीवर घेतली की, कापडावर फक्त वाऱ्याचा दाब उरतो. राजस्थानातील उंटाचे नक्षीदार तंग पुष्कळदा नवार म्हणून दाखविले जातात, परंतु त्यांतील अनेक विणलेले नसतात. बकऱ्याच्या केसांच्या अथवा सुताच्या पिळलेल्या दोऱ्यांचे पदर उकलून त्यांतून दुसऱ्या दोऱ्या ओवून ते तयार करतात. हे तंत्र स्वतंत्र आहे व त्याला माग मुळीच लागत नाही.

हातमागावरील सुती नवार जमिनीलगतच्या साध्या मागावर विणीत. रोवलेल्या खुंट्यांमध्ये ताणा ताणून, दोऱ्याच्या वेटोळ्यांनी त्याचे धागे आळीपाळीने वर-खाली करीत व बाणा हाताने ओवून जड लाकडी पात्याने ठोकीत. या मागास फणी नसते. रुंदी सारखी राहते ती विणकराच्या हाताच्या अंदाजाने : बाणा जास्त ओढला तर पट्टी आक्रसते, सैल सोडला तर पसरते. कडेला निळी अगर तांबडी रेघ घालण्याची पद्धत होती. साधने थोडी, जागा कमी व काम एकसुरी असल्याने हा उद्योग तुरुंगांतही चालत असे. १९३० साली नैनी येथील तुरुंगात असताना जवाहरलाल नेहरू रोज सु. तीन तास सूत कातीत आणि त्याशिवाय दोन-तीन तास नवार विणीत. हे काम त्यांनी अधिकाऱ्यांकडून मुद्दाम मागून घेतले होते व ते त्यांना आवडत असे, अशी नोंद त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

एकाच मागावर अनेक पट्ट्या एकदम विणण्याचा फीतमाग यूरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आला. एका माणसाकडून अनेकांचे काम होऊ लागल्याने विणकर खवळले आणि सतराव्या शतकात हॉलंड व जर्मनीतील काही शहरांत या मागावर बंदी घालावी लागली. हँबर्गमध्ये तो जाहीरपणे जाळण्यात आला. यंत्राविरुद्ध कामगारांच्या उठावांचे हे एक आरंभीचे उदाहरण असून कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’ या ग्रंथात त्याचा परामर्श घेतला आहे. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेल, फ्रान्समधील सेंट एत्येन व इंग्लंडमधील कॉव्हेंट्री ही शहरे फितींच्या धंद्यावर वाढली.

विसाव्या शतकात धोट्याची जागा सुईने घेतली. सुईमागात एक वाकडी सुई बाण्याचा दुहेरी फेरा एका बाजूने आत नेते व दुसऱ्या बाजूस अडकवणीची लहान सुई त्याचा फास पकडून आधीच्या फासात गुंफते. कांडी भरण्याचा व धोटा फेकण्याचा वेळ वाचून वेग अनेक पटींनी वाढतो. मात्र अशा नवारीची एक कड विणलेली व दुसरी गुंफलेली असते. गुंफलेल्या कडेचा धागा तुटल्यास ती मोज्यासारखी उसवण्याचा संभव असतो; यासाठी महत्त्वाच्या कामाच्या नवारीत त्या कडेला न उसवणारा आणखी एक धागा गुंफतात.

लष्करी उपयोग : सैनिकाचा साज शतकानुशतके चामड्याचा असे. पितळी काडतुसे प्रचारात आल्यावर एक अनपेक्षित अडचण उद्‌भवली. चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांची पितळेशी रासायनिक विक्रिया होऊन काडतुसावर हिरवा कळंक चढे आणि ते चामड्याच्या घरात किंवा बंदुकीत अडकून बसे. अमेरिकेच्या सैन्यातील अधिकारी ॲन्सन मिल्स (१८३४–१९२४) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर सुती नवारीचा तोडगा काढला. काडतुसाची घरे पट्ट्यावर शिवण्याऐवजी पट्ट्याबरोबरच अखंड विणण्याची युक्ती त्यांनी प्रचारात आणली.

बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैन्याला चामडी साजाचे दोष तीव्रतेने जाणवले. चामडे भिजले की ताणते, वाळले की कडक होऊन तडकते आणि भार खांद्यावर सारखा विभागला जात नाही. त्यानंतर आलेला १९०८ चा नवारीचा साज ही लष्करी साहित्याच्या इतिहासातील महत्त्वाची पायरी होय. कमरपट्टा, खांद्यावरून जाणाऱ्या दोन पट्ट्या, १५० काडतुसांची घरे, पाण्याची बाटली, झोळी, पाठपिशवी व खणण्याचे हत्यार ही सर्व एकमेकांना जोडलेली असून सैनिक तो साज कोटाप्रमाणे एकदम चढवू व उतरवू शके. पुढचे वजन मागच्या वजनाला तोलून धरीत असल्याने छातीवर आवळणारा पट्टा लागत नसे. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर मात्र नवार विणणारे माग मागणीला पुरे पडेनात. फौज भराभर वाढत होती आणि अखेर त्याच वर्षी चामड्याचा पर्यायी साज मंजूर करावा लागला. १९३७ च्या सुधारित साजाची नवार दुसऱ्या महायुद्धात भारतातही तयार होत असे आणि स्वातंत्र्यानंतरही भारतीय सैन्यात त्या धर्तीचा साज पुष्कळ काळ टिकून होता. राष्ट्रीय छात्रसेनेतील अनेक पिढ्यांना नवारीची ओळख झाली ती पितळी कड्यांच्या खाकी ‘वेब बेल्ट’मुळेच.

हवाई छत्रीच्या साजात प्रथम सूत व रेशीम वापरीत. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन आले व या क्षेत्रात त्याने इतर तंतूंना जवळजवळ हद्दपार केले, कारण छत्री उघडतानाचा हिसका नायलॉन ताणून पोटात घेते. भारतात कानपूर येथील हवाई छत्रीच्या आयुध निर्माणीत हे काम चालते. आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यावर ती ग्लायडर्स इंडिया या सरकारी कंपनीत समाविष्ट करण्यात आली.

तंतूंची निवड : कापूस ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, परंतु आक्रसतो व ओलाव्यात कुजतो. ताग स्वस्त व कमी ताणणारा, पण ठिसूळ व कुजण्यास सोपा. नायलॉन बळकट व लवचिक असून आम्लाने खराब होते आणि पाण्यात त्याचे बळ काहीसे घटते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषीत नाही, कमी ताणते, सूर्यप्रकाशात अधिक टिकते व आम्लाला दाद देत नाही. तीव्र क्षार मात्र त्याला खातात. पॉलिप्रोपिलीन आम्ल व क्षार दोन्ही सोसते आणि पाण्यावर तरंगते. पण ते सु. १६५° से. तापमानास वितळते आणि विशेष संस्कार न केल्यास उन्हात लवकर भुकटीसारखे होते. अलीकडच्या अतिदृढ पॉलिएथिलिनाची नवार वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असते, परंतु ती निसरडी व उष्णतेला आणखी नाजूक असल्याने तिला गाठ मारणे धोक्याचे ठरते. कोणत्याही एका तंतूला सर्वश्रेष्ठ म्हणता येत नाही. रासायनिक कारखान्यात उत्तम ठरलेला पट्टा दुसऱ्या कारखान्यात घातक ठरू शकतो, हे खरेदी करणाऱ्यांच्या पुष्कळदा लक्षात येत नाही.

सुरक्षा पट्टा : मोटारगाडीतील कमर व खांदा दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा पट्टा नील्स बूलीन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्व्हो कंपनीत सिद्ध केला व १९५९ मध्ये तो गाड्यांत बसविण्यात आला. कंपनीने त्याचे एकस्व इतर उत्पादकांनाही खुले ठेवले. १९६७ मध्ये स्वीडनमधील सु. २८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पट्ट्याची उपयुक्तता आकड्यांनी सिद्ध झाली.

पट्ट्याचे कार्य समजण्यास पुढील उदाहरण उपयोगी पडेल. ताशी ५० कि.मी. वेगाच्या गाडीत ७० कि.ग्रॅ. वजनाचा माणूस बसला आहे. गाडी भिंतीवर आदळली, तिचा पुढचा भाग चेपला आणि पट्टा ताणला जाऊन माणूस एकूण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरी सु. १३.५ किलोन्यूटन, म्हणजे सु. १,४०० कि.ग्रॅ. वजनाइतके बल येते. पट्टा नसेल, तर गाडी थांबल्यावरही माणूस त्याच वेगाने पुढे जातो व समोरच्या फळीवर पाच-दहा सेंटिमीटरांत थांबतो. बल पाच ते दहा पटींनी वाढते. मांडीवर घेतलेले १० कि.ग्रॅ. वजनाचे मूल अशा वेळी सु. २०० कि.ग्रॅ. वजनासारखे ओढ घेते. कोणत्याही आईबापाच्या हातांना ते धरून ठेवणे शक्य नसते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सुरक्षा पट्ट्याची रुंदी भार असताना निदान ४६ मि.मी. असावी लागते व त्याने सु. १४.७ किलोन्यूटन भार न तुटता घेतला पाहिजे. रुंदीची अट बळासाठी नाही. तेवढेच बळ बोटभर दोरातही आणता येईल, पण तो दोर अंगात रुतेल. पट्टा पिळलेला असल्यास त्याची रुंदी व म्हणून सुरक्षितताही कमी होते. पट्ट्याचा ताणही मोजका असावा लागतो. आरंभी वापरलेले नायलॉन फार ताणत असल्याने माणूस पुढे जाऊन सुकाणूवर आपटण्याचा संभव होता. त्यामुळे पुढे पॉलिएस्टरचा सर्वत्र स्वीकार झाला. मोठ्या अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा वरून जसाच्या तसा दिसला, तरी बदलणे आवश्यक असते, कारण त्याची ताणण्याची शक्ती खर्ची पडलेली असते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तरतुदींनुसार पुढील आसनांवरील व पुढे तोंड करून असलेल्या मागील आसनांवरील प्रवाशांनी पट्टा बांधणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड एक हजार रुपये करण्यात आला. मागे बसणारे मात्र हा नियम सर्रास दुर्लक्षीत आले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्यात मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतील सर्व प्रवाशांसाठी नियमाची अंमलबजावणी जाहीर केली.

गिर्यारोहण व मालाची चढउतार : गिर्यारोहक नवारीचे फास (स्लिंग) खडकाच्या सुळक्याभोवती, झाडाभोवती अथवा मेखेत अडकवून त्यांत दोर ओवतात. यूरोपीय मानकाप्रमाणे मोकळ्या नवारीत वेगळ्या रंगाचे उभे धागे घालून बळ दर्शवितात. एक धागा म्हणजे ५ किलोन्यूटन. शिवून तयार केलेल्या फासाचे किमान बळ २२ किलोन्यूटन असावे लागते. नवारीला जोडगाठ मारल्यास तिचे बळ बरेच घटते. शिवाय कमी-जास्त होणाऱ्या भाराखाली ही गाठ हळूहळू सरकते, म्हणून गाठीबाहेर लांब टोके सोडावी व प्रत्येक वेळी ती तपासावी, असा दंडक आहे. सह्याद्रीतील बेसाल्टच्या कडा धारदार असल्याने ताठ नवार त्यांवर घासून कापली जाण्याचा धोका विशेष असतो. कडेखाली जाड कापड अथवा गोणपाट घालतात. नायलॉनच्या नवारीवरून भाराखाली दोर धावू देणे सर्वांत वाईट. घर्षणाच्या उष्णतेने नवार काही क्षणांत वितळते.

बंदरांत व कारखान्यांत यंत्रे, नळ, लाकूड इ. उचलण्यासाठी पॉलिएस्टरचे रुंद पट्टे तारदोरांऐवजी वापरले जातात. ते हलके असतात व मालाच्या पृष्ठभागाला ओरखडे पाडीत नाहीत. यूरोपीय मानकानुसार त्यांचा रंगच क्षमता सांगतो : जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, तांबडा ५, तपकिरी ६, निळा ८ व नारिंगी १० टन किंवा अधिक. प्रत्यक्ष तुटण्याचा भार याच्या सातपट ठेवलेला असतो. सातपट ऐकून कामगारांना वाटते की, थोडा जास्त भार चालेल. परंतु हे अंतर झीज, हिसके, ऊन व बांधणीतील चुका यांसाठी राखलेले असते. पट्टा मालाभोवती फासासारखा आवळला, तर त्याची क्षमता ८० टक्क्यांवर येते. दोन शाखांचा कोन वाढला की प्रत्येक शाखेवरील ओढ वाढते : शाखा उभ्या रेषेशी ६०° झुकल्या, तर प्रत्येक शाखेवर संपूर्ण वजनाइतकी ओढ येते, म्हणजे दोन पट्टे मिळून एकाचेच काम करतात. गाठ मारून तुटका पट्टा जोडणे व क्षमतेची चिठ्ठी नाहीशी झालेला पट्टा वापरणे निषिद्ध आहे.

फर्निचर : नवारीचा पलंग हा मराठी घरांत सुंभाच्या बाजेपेक्षा वरच्या दर्जाचा समजत. सुंभ अंगाला टोचतो व त्याच्या पिळात ढेकूण घर करतात. नवार मऊ असून सोडवून, धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा विणता येते. १.९ मी. लांब व ०.९ मी. रुंद चौकटीसाठी ७.५ सें.मी. रुंदीची नवार उभी-आडवी मिळून निदान ४५ मी. लागते आणि चौकटीभोवती पूर्ण वेढे घेतल्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. वापराने नवार ओघळते व पलंगाची झोळी होते, म्हणून पायथ्याकडे दोरी ओवून ताण देण्याची सोय ठेवतात.

पाश्चात्त्य देशांत गादीदार खुर्च्यांच्या तळाशी तागाची नवार ताणून ठोकण्याची पद्धत जुनी आहे, परंतु तेथे ती झाकलेली असे. फिनलंडचे वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांनी ती उघडी ठेवून खुर्च्या घडविल्या. अमेरिकेत येन्स रिसम यांनी युद्धकाळात इतर सामान मिळेनासे झाल्यावर १९४३ च्या सुमारास लष्कराने नाकारलेली हवाई छत्रीची नवार लाकडी सांगाड्यावर विणून खुर्ची तयार केली. ती आधुनिक फर्निचरचा नमुना म्हणून गाजली. नवारीच्या पलंगावर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला तीत नवल वाटण्याचे फारसे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिप्रोपिलीन व तत्सम प्लॅस्टिकच्या रंगीत नवारीने सुती नवारीला बाजारातून मागे सारले. ती स्वस्त असते, भिजली तरी कुजत नाही व घडीच्या खाटांच्या लोखंडी सांगाड्यावर चांगली ताणते. मात्र ती घाम शोषीत नाही, अंगाखाली सरकते आणि उन्हात ठेवल्यास काही वर्षांत तिचे धागे तडकू लागतात. सुती नवार विणणाऱ्यांच्या हातमागांना या स्पर्धेत टिकाव धरता आला नाही.

परीक्षण : नवारीचे आयुष्य वर्षांपेक्षा वापरावर ठरते, तरी जीवरक्षक साधनांचे बहुतेक उत्पादक सु. दहा वर्षांची कमाल मर्यादा घालून देतात. कडेला पडलेला काप पृष्ठभागावरील तेवढ्याच कापापेक्षा अधिक घातक असतो, कारण तेथून फाट आत सरकते. चकाकणारा कडक डाग म्हणजे तंतू वितळल्याची खूण. रंग फिका पडणे हे बहुधा उन्हाने झालेल्या क्षीणतेचे लक्षण असते. शिवणीचा दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवतात, म्हणजे तुटलेला टाका नजरेत भरतो. आम्लाचा परिणाम मात्र डोळ्यांना अनेकदा दिसत नाही. या कारणास्तव विद्युत् घटाजवळ किंवा रसायनांच्या कोठारात ठेवलेली नायलॉनची नवार, ती कितीही नवी दिसली तरी, भार पेलण्याच्या कामातून काढून टाकतात आणि पुन्हा कोणी वापरू नये म्हणून तिचे तुकडे करतात.